बसथांबा बससाठी मोकळा ठेवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नवी मुंबईत वाशी–कोपरखैरणे–घणसोली या पट्ट्यात मी सार्वजनिक बस चालवतो. ‘ड्रायव्हर मुद्दाम भर रस्त्यात गाडी थांबवतो’ हे रोज ऐकावं लागतं. प्रवाशांचा राग मला कळतो. पण गाडी थांब्याला का लागत नाही, हे कधीतरी आमच्या बाजूनंही छापून यावं, म्हणून हे पत्र.

मोठी बस 12 मीटर लांबीची. ती फुटपाथला सरळ लावायची तर थांब्याच्या मागेपुढे बरीच जागा मोकळी लागते. दोन उभ्या गाड्यांच्या मधल्या फटीत तोंड घातलं, तर मागचा दरवाजा रस्त्यातच राहतो. तिथून निघताना स्टिअरिंग उजवीकडे तोडलं की गाडीचा मागचा भाग डावीकडे फेकला जातो. त्या बाजूला कार असते, नाहीतर बसची वाट बघणारं माणूस. म्हणून मी आत शिरतच नाही, बाहेरच थांबतो.

बाहेर थांबलो की खरी भीती सुरू होते. बस आणि फुटपाथ यांच्यामधून दुचाकी जातात, त्यात पार्सल पोचवणारी पोरं घाईत असतात. दरवाज्यातून उतरणाऱ्या बाईला मागून येणारी स्कूटर दिसत नाही. मी डाव्या आरशात डोळे लावून बसतो, कंडक्टर ओरडून दुचाकी थांबवतो, आणि सगळे सुखरूप उतरले की मगच डबल बेल देतो. मागे तोवर हॉर्न वाजत असतात.

सकाळी वाशीच्या महापालिका रुग्णालयात जाणारी म्हातारी माणसं असतात. फुटपाथवरून बसच्या पायरीवर चढणं त्यांना जमतं. रस्त्यावर उतरून तीच पायरी गाठायची तर गुडघे दुखणाऱ्या आजींना दोन्ही हातांनी दांडा धरून अंग वर ओढावं लागतं. लो-फ्लोअर गाडीची जमीन रस्त्यापासून साधारण 40 सेंटिमीटरवर असते. व्हीलचेअरसाठी रॅम्प असतो, तो फुटपाथवर टेकला तर चढ सौम्य राहतो. गाडी फुटपाथपर्यंत पोचलीच नाही, तर एवढा खर्च कोणासाठी केला?

आपल्या शहरात रस्ते अरुंद आहेत असंही नाही. सिडकोनं आखलेल्या मोठ्या रस्त्यांवर कितीतरी ठिकाणी बससाठी आत जागा सोडलेली आहे. आज तिथे कार, टेम्पो, खासगी बस उभ्या असतात. बसथांब्याजवळ वाहन उभं करायचं नाही, हे 1989 च्या रस्ता नियमांतसुद्धा लिहिलेलं होतं.

रिक्षावाल्यांना मी दोष देणार नाही. त्यांनाही पोट आहे, आणि प्रवासी जिथे उतरतो तिथेच त्यांना भाडं मिळतं. त्यांना थांब्याच्या पुढे, बस निघायला जागा राहील इतक्या अंतरावर स्टँड आखून द्या, ते तिकडे जातील. माझा राग आहे तो ‘पाचच मिनिटं’ म्हणून थांब्यावर कार लावून दुकानात जाणाऱ्यांवर. त्या पाच मिनिटांत तिथे एक बस येते आणि तिच्यातली सगळी माणसं चालत्या रहदारीत उतरतात.

महापालिका आणि वाहतूक पोलिसांना विनंती आहे की सुरुवात रुग्णालयाजवळचे आणि रेल्वे स्थानकांबाहेरचे थांबे घेऊन करावी. तिथे रस्त्यावर पिवळ्या पट्ट्यांनी बसची पूर्ण जागा आखावी, कारण नुसता खांब बघून किती जागा सोडायची ते कोणालाच कळत नाही. टोइंगची गाडी संध्याकाळी 6 ते 9 या वेळात फिरवावी. कामावरून परतणाऱ्यांची गर्दी आणि बाजाराची गर्दी तेव्हाच एकत्र होते, आणि पावसाळ्यात तर अंधारात, कडेच्या पाण्यात माणसं उतरवावी लागतात.

आपला,
एक बसचालक, कोपरखैरणे