माल परत मागवल्याची खबर ओट्यापर्यंत पोहोचू द्या

प्रति,
माननीय मंत्री,
ग्राहक व्यवहार, अन्न व सार्वजनिक वितरण मंत्रालय,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

परळच्या ज्या चाळीत मी राहते, तिथे शेजारच्या मावशींच्या कुकरचे झाकण वाफेच्या दाबाने उडाले आणि त्यांचा हात कोपरापर्यंत भाजला. हा कुकर पुतण्याने ऑनलाइन मागवून त्यांना गौरी-गणपतीत भेट दिला होता. त्यावर आयएसआय चिन्ह आहे का, हे आम्ही अपघातानंतरच पाहिले, ते नव्हते. असा माल आधीच परत मागवला गेला होता का, हे कुठे पाहावे, ते मात्र आमच्यापैकी कोणालाच सांगता आले नाही.

कायदाच नाही, अशी माझी तक्रार नाही. जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेची भरपाई उत्पादकाकडून आणि काही परिस्थितींत विक्रेत्याकडूनही मागता येते. कलम २० नुसार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण धोकादायक माल परत मागवण्याचा व पैसे परत करण्याचा आदेश देऊ शकते. घरगुती कुकरला भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणन, म्हणजेच आयएसआय चिन्ह, १ फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचे आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये प्राधिकरणाने एका मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेला, तिच्यावरून विकल्या गेलेल्या २,२६५ निकृष्ट कुकरच्या ग्राहकांना कळवण्याचा, माल परत घेण्याचा आणि १ लाख रुपये दंड भरण्याचा आदेश दिला. पुढे ते प्रकरण उच्च न्यायालयात गेले, तो भाग निराळा. मला महत्त्वाचा वाटतो तो २,२६५ हा आकडा, कारण कोणता कुकर कोणाच्या घरी गेला हे विकणाऱ्याला एकेका नगापर्यंत ठाऊक असते, हे त्यातून उघड झाले.

पण ते ठाऊक असते मागवणाऱ्याचे नाव. संदेश जाणार पुतण्याच्या मोबाइलवर, बहुधा इंग्रजीत, सवलतींच्या शंभर जाहिरातींच्या मध्ये. आणि कुकर मावशींच्या ओट्यावर. खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाऱ्यालाही हा कायदा ग्राहक मानतो, सूचना मात्र त्याच्यापर्यंत जात नाही. लोहार चाळीच्या विजेच्या सामानाच्या बाजारातून बिलाशिवाय गीझर किंवा इस्त्री नेणाऱ्याचे तर नावही कुठे नोंदलेले नसते.

युरोपीय संघात १३ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या उत्पादन सुरक्षा नियमांनुसार ज्या ग्राहकांचा पत्ता लागतो त्यांना थेट कळवणे बंधनकारक आहे, आणि परत मागवण्याच्या सूचनेत ‘ऐच्छिक’, ‘खबरदारी म्हणून’, ‘क्वचित प्रसंगी’ असे धोका सौम्य भासवणारे शब्द वापरायला मनाई आहे. आपल्याकडच्या कंपन्यांची पत्रे वाचलेल्या कोणालाही या मनाईचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

म्हणून माझी विनंती अशी की, परत मागवलेल्या प्रत्येक वस्तूची छायाचित्र व बॅच क्रमांकासह एकच सार्वजनिक यादी मराठीसह सर्व राज्यभाषांत ठेवावी, आणि ऑनलाइन विक्रेत्याने वस्तू परत येईपर्यंत खरेदीदाराला पुन्हा पुन्हा, त्याच्या भाषेत, ‘ही वस्तू भेट दिली असल्यास त्या घरी कळवा’ या वाक्यासह सूचना पाठवावी. ज्यांचे नाव कुठेच नाही त्यांच्यासाठी एक साधन आपल्याच खात्याकडे आहे. सार्वजनिक वितरणही आपल्याकडेच असल्यामुळे ती यादी राज्य सरकारमार्फत प्रत्येक शिधावाटप दुकानाच्या फलकावर लावता येईल. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या दोन्ही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम १६ खाली चौकशीचे अधिकार आहेतच. सदोष माल जमा करून घेण्याचे ठिकाणही त्यांनीच जाहीर करावे.

मावशींनी तो कुकर अजून माळ्यावर ठेवला आहे. भंगारवाल्याला दिला तर झाकण ठोकून पुन्हा कोणाला तरी विकला जाईल, अशी त्यांना भीती वाटते, आणि तो कुठे नेऊन द्यायचा हे त्यांना सांगणारे अजून कोणी भेटलेले नाही.

आपली विश्वासू,
परळ, मुंबई येथील एक ग्राहक