लिबइनपुटच्या मंडळींना: सैरभैर कर्सरबद्दल एक आभारपत्र

पीटर हुटरर आणि लिबइनपुटसाठी राबणाऱ्या सगळ्यांना,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

लिनक्सवर टचपॅड, माउस आणि कीबोर्ड यांच्या हालचाली वाचून पुढे पोचवणारं लिबइनपुट तुम्ही सांभाळता, म्हणून हे पत्र. ते मराठीत आहे, तेव्हा सरळ तुमच्यापर्यंत पोचेल अशी आशा नाही. पण लिनक्सच्या लॅपटॉपवर ज्यांचा कर्सर आत्ता मनाला येईल तिकडे धावतो आहे, त्यांना ते वाचता येईल. आभार मानता मानता त्यांचंही काम झालं तर तुम्हाला आवडेलच.

पहिले आभार एका कमांडचे: सुडो लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स. डेबियन, उबुंटू आणि मिंटवर त्यासाठी लिबइनपुट-टूल्स हे पॅकेज टाकावं लागतं, फेडोरावर लिबइनपुट-युटिल्स. टर्मिनलमध्ये ती चालवायची, दोन्ही हात लॅपटॉपवरून काढायचे आणि नुसतं बघायचं. कर्सर हलवणारी प्रत्येक हालचाल एक ओळ उमटवते आणि ओळीच्या सुरुवातीलाच इव्हेंट५, इव्हेंट१२ असा उपकरणाचा क्रमांक असतो. तो कोणाचा, हे लिबइनपुट लिस्ट-डिव्हाइसेस सांगते. लोक टचपॅडची सेटिंग्ज उलटीपालटी करत बसतात आणि हलवणारा निघतो भलताच: कीबोर्डच्या मधली ट्रॅकपॉइंटची गुंडी, तडा गेलेला टचस्क्रीन, नाहीतर पिशवीत चालू राहिलेला वायरलेस माउस. ओळ उमटतच नाही आणि कर्सर तरीही पळतो, तर रिमोट डेस्कटॉपसारख्या प्रोग्रॅमकडे किंवा ग्राफिक्सकडे बघायचं, टचपॅडला उगाच हात लावायचा नाही.

टचस्क्रीन दोषी असेल तर ओळींत टच-डाउन दिसतं. त्या उपकरणाला यूडेव्हच्या (जोडलेल्या उपकरणांची व्यवस्था लावणाऱ्या भागाच्या) नियमातून लिबइनपुट_इग्नोर_डिव्हाइस हा गुण १ करून दिला की तुम्ही ते सोडून देता. वायरलेस माउस अडखळत असेल तर त्याचा रिसीव्हर यूएसबी ३च्या पोर्टाजवळून हलवून छोट्या एक्स्टेंशन केबलवर लावून बघावा. यूएसबी ३चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो आणि हे माउस तिथेच बोलतात.

ट्रॅकपॉइंटचं प्रकरण वेगळं. हात न लावता कर्सर एकाच दिशेला संथ सरकत गेला, तर तो सहसा बिघाड नसतो. ही गुंडी आपला शून्यबिंदू अधूनमधून नव्याने ठरवते. अर्धा सेकंद दाब बदलला नाही की बोट नाही असं समजून ती त्या घडीच्या दाबालाच शून्य धरते. त्या वेळी बोट खरोखर टेकलेलं असेल, तर ते उचलल्यावर कर्सर उलट दिशेला निघतो. हात काढून काही सेकंद थांबलं की ती पुन्हा ताळ्यावर येते. हे सारखं होत असेल तर आयबीएम पद्धतीच्या खऱ्या ट्रॅकपॉइंटला सिसएफएसमध्ये (लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, उपकरणांची सेटिंग्ज फाइलींच्या रूपात दाखवतो तिथे) ड्रिफ्ट_टाइम नावाची फाइल असते. तिच्यातला आकडा सेकंदाच्या दहाव्या भागांत असतो, मुळात ५. तो २५ केला की गुंडी अडीच सेकंद वाट बघते. लॅपटॉप पुन्हा सुरू केला की आकडा मूळपदावर येतो, म्हणून कायम हवा असेल तर यूडेव्हचा नियम लिहावा लागतो.

आता आपल्याकडचा खरा चोर: चार्जर. बॅटरीवर कर्सर शांत, चार्जर लावला की थरथर, मग बोट स्थिर ठेवा की हलवा. टचपॅड बोटामुळे होणारा धारकतेचा अगदी बारीक फरक मोजतं. अडॅप्टरच्या आत मेन्सच्या आणि डीसीच्या बाजूंना जोडणारा एक छोटा कपॅसिटर असतो. त्यातून थोडा गोंगाट लॅपटॉपकडे येतोच. अर्थिंग नीट असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर अख्खा लॅपटॉप त्यावर तरंगत राहतो. धातूच्या बॉडीवरून मनगट फिरवताना मुंग्या येतात त्या याच्याच. अडॅप्टर दोन पिनांचा असतो, किंवा तीन पिनांचा असूनही वरची जाड पिन कुणीतरी कापलेली असते, किंवा एक्स्टेंशन बोर्डाला भोकं तीन आणि आत वायरी दोनच. म्हणून कुठलीही सेटिंग बदलण्याआधी चार्जर काढून पाच मिनिटं काम करून बघावं. मग तोच चार्जर थेट भिंतीतल्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये लावावा. तरीही फरक नसेल तर वायरमनला बोलवावं. त्याच्या मीटरवर फेज आणि अर्थ यांमध्ये साधारण २३० व्होल्ट आणि न्यूट्रल आणि अर्थ यांमध्ये फार तर दोन-चार व्होल्ट दिसायला हवेत. ही तपासणी स्वतः करू नये. मेलेल्या अर्थिंगवर कुठल्याही ड्रायव्हरकडे औषध नाही.

बॅटरीचंही बघून घ्यावं. ती पुष्कळ लॅपटॉपांत टचपॅडच्या खालीच असते. फुगली की पॅड आतून दाबलं जातं, न दाबता क्लिक होतात, पॅडची एक कड वर येते, टेबलावर लॅपटॉप डुगडुगतो. अशा वेळी चार्जिंग ताबडतोब बंद, मशीन बंद, आणि बॅटरी बदलून घ्यायची. टोचायची, दाबायची नाही आणि कचऱ्यातही टाकायची नाही.

हे सगळं निस्तरूनही थरथर उरलीच, तर तुमचं काम दिसतं. बोट स्थिर असताना पुढेमागे होणारी हालचाल ओळखू आली की मगच तुम्ही हिस्टेरेसिस, म्हणजे बारीक हालचालींकडे काणाडोळा, लावता, सरसकट सगळ्यांच्या माथी मारत नाही. ज्यांचं पॅड ठीक आहे त्यांच्या कर्सरला त्यामुळे जडपणा येत नाही. किती गोंगाट आहे ते लिबइनपुट मेझर फझ मोजून देते आणि तो आकडा हार्डवेअर डेटाबेसच्या स्थानिक फाइलीत लिहिता येतो.

थरथर वेगळी आणि उडी वेगळी. कर्सर एकदम पडद्याच्या दुसऱ्या टोकाला गेला तर जर्नलसीटीएलने दिसणाऱ्या सिस्टिमच्या नोंदींत तुमची ती प्रसिद्ध ओळ शोधायची: कर्नल बग, टच जम्प डिटेक्टेड अँड डिसकार्डेड. ओळ दिसली आणि उडी दिसली नाही, तर तुम्ही ती गिळून टाकली आहे, काळजीचं कारण नाही. उडी दिसते आणि ओळ नाही, तर तक्रार नोंदवायला हवी. दुसरं बोट टेकताना किंवा उचलतानाच उडी येत असेल तर सिनॅप्टिक्स कंपनीच्या जुन्या पॅडांची मर्यादा आठवावी. त्यांतली काही दोन बोटांची खरी जागा सांगतच नाहीत, दोघांना कवेत घेणारा चौकोन तेवढा सांगतात.

पीएस/२ या जुन्या जोडणीवरून बोलणाऱ्या पॅडांचा आणखी एक रोग आहे. तिथे सिनॅप्टिक्सचं एक पाकीट सहा बाइटांचं असतं. मधला एक बाइट हरवला की पुढचं सगळं एक घर सरकून वाचलं जातं, आणि कर्सर उड्या मारत नको तिथे क्लिक करत सुटतो. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, पीएसमाउस या ड्रायव्हरच्या नावासमोर लॉस्ट सिंक असं दिसलं की हेच. तिथेच, तुमचं टचपॅड वेगळ्या बसवर (जोडणीच्या मार्गावर) चालू शकेल, असं कर्नलने सुचवलं असेल तर तो ड्रायव्हर काढून पुन्हा चढवायचा: सुडो मॉडप्रोब -आर पीएसमाउस, आणि मग सुडो मॉडप्रोब पीएसमाउस सिनॅप्टिक्स_इंटरटच=१. आधी यूएसबी माउस लावून ठेवावा, नाहीतर मधल्या वेळात हाताशी काहीच नसतं. फरक पडला तरच हा पर्याय ग्रबच्या, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या, ओळीत कायम करावा. या कर्नलच्या बाजूसाठी दिमित्री तोरोखोव्ह आणि बेंजामिन टिसुआर यांचेही आभार इथेच मानतो.

टाइप करताना तळवा लागून कर्सर भलत्या ओळीत जातो, त्यावर टाइप करताना टचपॅड बंद ही तुमची सोय आधीपासून चालू असते. मराठीसाठी इनस्क्रिप्ट वापरा की आयबस, तिच्यात फरक पडत नाही, कारण तुम्ही कळा त्याच्या खालच्या थरावर बघता. पण कीडीसारखा कळा बदलणारा प्रोग्रॅम टाकला की तो एक आभासी कीबोर्ड तयार करतो, तो लॅपटॉपचाच आहे हे तुम्हाला कळत नाही आणि सोय निकामी होते. त्यासाठी /ईटीसी/लिबइनपुट/लोकल-ओव्हरराइड्स.क्विर्क्स या फाइलीत त्या आभासी कीबोर्डाचं नाव देऊन अ‍ॅट्रकीबोर्डइंटिग्रेशन=इंटर्नल असं लिहावं आणि एकदा लॉगआउट करावं. बोट टेकण्याआधीच पॅड जागं होत असेल तर याच फाइलीत अ‍ॅट्रप्रेशररेंज देता येतो. १०:८ म्हणजे दाब १० झाला की स्पर्श सुरू, ८ च्या खाली गेला की संपला. आकडे मात्र अंदाजाने टाकू नयेत, लिबइनपुट मेझर टचपॅड-प्रेशर चालवून स्वतःच्या बोटावर मोजावेत.

टचपॅडची सेटिंग्ज बदलणारं जुनं सिंकक्लायंट आणि त्याची डझनावारी बटणं अजून पुष्कळांना आठवतात. वेगाच्या बाबतीत तुम्ही हात जरा आखडताच घेता, ही तक्रार आमचीही आहे. पण दोष कोणत्या थरात आहे हे त्या बटणांनी कधी सांगितलं नाही.

शेवटचे आभार उपकरणाच्या हालचाली टिपून ठेवणाऱ्या लिबइनपुट रेकॉर्डचे. तक्रारीसोबत जोडायच्या त्या नोंदीत दाबलेल्या अक्षरांच्या कळा तुम्ही मुळातच झाकून ठेवता, त्यामुळे कुणाचा पासवर्ड चुकून तुमच्याकडे जात नाही. क्विर्क्सची स्थानिक फाइल ही तात्पुरती सोय आहे, असं तुम्ही बजावून ठेवलं आहे. तेव्हा ज्यांचे आकडे जुळले त्यांनी ते लॅपटॉपच्या मॉडेलसह आणि चार्जर काढून केलेल्या नोंदीसह तुमच्याकडे पाठवावेत, म्हणजे तेच मॉडेल घेणाऱ्या पुढच्या माणसाला ही फाइल उघडावी लागणार नाही.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

लिनक्सवर मराठीत काम करणारे आम्ही काही जण