सिंहगडावरच्या मावशींना

मावशी,

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचेल की नाही, देव जाणे. पण तुमचा नातू दिवसभर मोबाईलात डोकं घालून बसतो अशी तक्रार तुम्हीच केली होतीत, तेव्हा कधीतरी त्याच्या नजरेला पडेल आणि तो तुम्हाला वाचून दाखवेल, या भरवशावर लिहितेय. ओळख पटावी म्हणून सांगते: मे महिन्यातला मंगळवार, गडावर गर्दी नाही, आम्ही सहा जण आणि त्यातल्या एकाच्या हातात पांढरी काठी. त्याला आम्ही मास्तर म्हणतो. परीक्षेच्या आदल्या रात्री तोच आम्हाला अख्खा मराठ्यांचा इतिहास तोंडी शिकवायचा, म्हणून. दोन वर्षं मी त्याच्यासाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड केली आणि त्याने ती दुप्पट वेगात ऐकली. "त्या वेगात तू भांडणाऱ्या खारीसारखी वाटतेस," हे त्याचं आभारप्रदर्शन.

आदल्या दिवशी आमचा एम.ए.चा शेवटचा पेपर झाला. आमचा एक वाजता सुटला, मास्तरचा दोनला. लेखनिक घेऊन लिहिणाऱ्याला तासामागे २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला वर एक तास. तो तासभर आम्ही पाच जण झाडाखाली गोळा खात बसलो, पण "सुटलो" असं कोणी तोंडातून काढलं नाही. मग काठी टकटकत तो बाहेर आला, मागून बोटं झटकत त्याची लेखनिक, एफ.वाय.ची मुलगी. तेव्हा कुठे आम्ही बोंब ठोकली. शर्टांवर सह्या झाल्या. मास्तरच्या पाठीवर एकाने काहीतरी अचकट लिहिलं आणि वाचून दाखवताना "तुझ्या उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा" असं वाचलं. मास्तर म्हणाला, "चार शब्दांना स्केचपेन एवढा वेळ फिरत नाही. खरं काय ते वाच."

संध्याकाळचं मात्र वाटोळं झालं. वर्गणी काढून, दोन हजार आगाऊ भरून आम्ही एका हॉटेलात टेबल सांगून ठेवलं होतं. नाव घेत नाही, फुकटची जाहिरात कशाला! गेलो तर आमचं टेबल मोठ्या पार्टीला दिलेलं आणि आमची सोय हात धुवायच्या बेसिनशेजारी. वेटर एकेकाला विचारत मास्तरपर्यंत आला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "यांना काय द्यायचं?" मास्तर म्हणाला, "यांना मटण द्यायचं." तरी त्याने माझ्याकडे पाहून मान डोलावून घेतलीच. नऊ वाजता मॅनेजर हजर. पुढचं बुकिंग आहे म्हणे, आणि "यांना जिना उतरायला वेळ लागेल, तेव्हा आत्ताच निघालात तर बरं." आमचे दोन हजार बिलातून वळते करून घ्यायलासुद्धा अर्धा तास भांडावं लागलं. रात्री रूमवर मी त्या वेटरचा जो उद्धार केला, तो इथे लिहिण्यासारखा नाही. मास्तर ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "उद्या सिंहगड. तानाजीवर इतकं बोललो, कल्याण दरवाजाला अजून हात लावला नाही."

पहाटे स्वारगेटहून ५० नंबरची बस, आतकरवाडीतून पायी. चढणीचं कौतुक तुम्हाला काय सांगू, तुम्ही दह्याची मडकी घेऊन चढता. मास्तरचा हात पुढच्याच्या सॅकच्या पट्ट्यावर आणि तोंड चालू: १६७० सालचा फेब्रुवारी, अंधारातला कडा, दोर. "त्या रात्री मी असतो तर सगळ्यात पुढे असतो," म्हणाला, "अंधाराची सवय मलाच." पुणे दरवाजातून आत आलो तेव्हा सगळ्यांच्या माना टाकलेल्या. तुम्ही हाक मारलीत आणि आम्ही तिथेच बसकण मारली.

आम्ही भराभर सांगितलं, पिठलं-भाकरी, भजी, दही. मी सवयीने "आणि याला..." असं सुरू केलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाहीत. मास्तरसमोर उकिडव्या बसलात आणि विचारलंत, "तू काय खानार रं?" त्याने वांग्याचं भरीत मागितलं. तो भरीत खातो हे मला दोन वर्षांत माहीत नव्हतं! मग ताट आणलंत आणि एकदम हात न धरता आधी म्हणालात, "हात धरू का?" तो हो म्हणाल्यावर त्याचं बोट धरून ताटाच्या कडेने सावकाश फिरवलंत. "हितं भरीत. ह्यो ठेचा, जपून. हितं कांदा फोडलेला. भाकर डाव्या अंगाला, गरम हाय." बोट एक फेरी मारून पुन्हा भरतावर आलं. तुमच्या हाताला पीठ लागलेलं होतं, ते त्याच्या बोटावर पांढरं उतरलं. एवढंच. तुम्ही उठून चुलीकडे गेलात.

आम्ही पाचही जण गप्प. "धरू का?" हे दोन शब्द आमच्यातल्या एकानेही त्याला कधी विचारले नव्हते. रस्ता आला की कोपर धर आणि ओढ. कॅन्टीनमध्ये त्याचा चहा आम्हीच सांगणार, साखर कमी, कारण पहिल्या दिवशी तसा सांगितला होता. रात्रभर वेटरला शिव्या घालणारी मी आणि तो वेटर, यात तसा फरक कितीसा होता?

लोक म्हणतात, माणुसकी उपजत असावी लागते, ती शिकून येत नाही. मला हे काही पटत नाही. तुमच्या सासऱ्यांना शेवटची काही वर्षं दिसत नव्हतं, असं तुम्ही भाकरी थापता थापता बोलून गेलात. म्हणजे ते ताटाभोवती बोट फिरवणं तुम्ही कुणालातरी रोज वाढता वाढता शिकलात. उपजत असतं तर आमच्यासारख्यांना आशाच नव्हती.

पैसे द्यायची वेळ आली तेव्हा मास्तरने सगळ्यांना गप्प केलं, पार्टी माझी म्हणाला. पाचशेच्या नोटेच्या कडेला पाच उठावदार रेघा असतात, शंभराच्या कडेला चार. तो अंगठ्याने त्या चाचपतो. दोन पाचशेच्या काढून त्याने तुमच्या हातात ठेवल्या. सुटे घ्यायला मी हात पुढे केला, खोड जात नाही. तुम्ही म्हणालात, "पैसं त्याचं ना?" आणि शंभराची एकेक नोट मोजत त्याच्या तळहातावर ठेवलीत. त्याने प्रत्येक नोटेची कड चाचपून पाहिली. आपल्यावर विश्वास नाही की काय, असं तुमच्या चेहऱ्यावर जरासुद्धा आलं नाही.

नंतर कल्याण दरवाजाला गेलो. वारा मरणाचा होता. मास्तर चौकटीच्या दगडावर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला आणि पहिल्यांदाच काही बोलला नाही.

आता सहा जण सहा गावांना पांगलोत. काल त्याला फोन करून हे पत्र वाचून दाखवलं, साध्या वेगात. म्हणाला, सगळं ठीक आहे, पण मावशींना माझ्याकडून एक कळव. कळवते: भरतात मीठ जरा जास्त होतं.

तुमची,
दही दोनदा मागणारी