लिली सापडली, बाबा

प्रिय आई-बाबा,

रविवारी फोनवर औषधांचं, पासबुकाचं, शेजारच्यांच्या लग्नाचं सगळं बोलून झाल्यावर बाबा तुम्ही एकदम विचारलंत, "अगं त्या माणसाला त्याची पोरगी सापडली का शेवटी?" दोन सेकंद मला कळेचना कुठला माणूस, आणि माझ्या व्हिडिओ गेममधला तो सेबॅस्टियन, लिलीचा बाप, हे कळलं तेव्हा इतका आनंद झाला की काय सांगू. मी नुसतं "हो सापडली" म्हणाले तेवढ्यात आईने फोन घेतला आणि ते राहूनच गेलं. म्हणून हे पत्र. मोठं होणारे. बाबा, डोळ्याला ताण देऊ नका, आई वाचून दाखवेल, आणि आई, तू मधले रक्ताबिक्ताचे भाग गाळू नकोस हं, सगळं वाच, कारण शेवटी तुझ्यासाठी पण आहे.

ऑपरेशनच्या दुसऱ्या रात्री तुम्हाला झोप येईना, डोळ्यावर ती प्लास्टिकची वाटी, आणि मी हॉलमध्ये लाइट बंद करून हेडफोन लावून खेळत होते. तुम्ही शेजारी येऊन बसलात, पाच मिनिटं गप्प बघितलंत आणि म्हणालात, "आवाज बाहेर कर की, मला पण ऐकू दे." आई आतून ओरडत होती डोळ्याला त्रास होईल म्हणून, मग ती पण दारात येऊन उभी राहिली आणि नेमकं तेव्हाच ते जळणारं घर आलं, आई "शी, कसलं अभद्र" म्हणून परत गेली.

तर त्या गेमचं नाव द ईव्हिल विदिन २. टोकियोच्या टँगो गेमवर्क्सने बनवला, १३ ऑक्टोबर २०१७ ला आला, शुक्रवार होता, मुद्दाम निवडलेला असणार. पहिला भाग २०१४ चा. तो स्वतः शिंजी मिकामींनी दिग्दर्शित केला होता, म्हणजे ज्यांनी १९९६ मध्ये रेसिडेंट ईव्हिल बनवला तेच, या असल्या भीतीच्या खेळांमधलं फार मोठं नाव. पण खरं सांगू का, पहिला भाग मला आवडायला वेळ लागला, स्क्रीनच्या वर-खाली काळ्या पट्ट्या, एका बोळातून दुसऱ्या बोळात, कुणाचं काय चाललंय कळत नाही, दोनदा अर्धवट सोडला आणि तिसऱ्यांदा पुरा केला. त्यातली दृश्यं भयंकर होती पण त्या सेबॅस्टियनबद्दल मला काही वाटायचं नाही. दुसऱ्या भागात दिग्दर्शन जॉन जोहानास यांच्याकडे गेलं, मिकामी निर्माते राहिले, आणि माझ्या मते तिथेच या खेळाला जीव आला. कारण यांनी राक्षस वाढवले नाहीत, यांनी त्या माणसाला पुन्हा बाप केलं.

तुम्ही सुरुवात बघितलीत पण झोपेत होतात म्हणून परत सांगते. सेबॅस्टियन पोलीस डिटेक्टिव्ह होता. घराला आग लागली, त्यात लिली गेली असं त्याला सांगितलं, नंतर बायको मायरा पण नाहीशी झाली. हा दारूत बुडालेला. मग किडमन नावाची त्याची जुनी सहकारी बारमध्ये येऊन सांगते की लिली जिवंत आहे, मोबियस नावाच्या गुप्त संघटनेने तिला पळवलं आणि मेल्याचं नाटक केलं. त्यांच्याकडे स्टेम नावाचं एक यंत्र आहे, कितीतरी माणसांची मनं त्याला जोडायची आणि सगळ्यांनी मिळून एका खोट्या जगात राहायचं. ते सगळं एका मनाच्या आधारावर उभं राहतं, आणि त्या जागी त्यांनी लिलीला बसवलंय. खोट्या गावाचं नाव युनियन, हिरवळ, टुमदार घरं, रुंद रस्ते. आता आतून कुणाचा संपर्क नाही आणि गावाचे तुकडे तुटून अंधारात तरंगायला लागलेत. आणि बापाला तिथे आत पाठवतात.

बाबा, तुम्हाला आठवतंय का तो युनियनमध्ये पहिल्यांदा रस्त्यावर येतो तेव्हा तुम्ही विचारलं होतंत, "पळत का नाहीस?" म्हणून. हेच मला सगळ्यात आवडतं. पळता येत नाही. मोजून चार-सहा गोळ्या असतात, पळालं की आवाज होतो, दोन-तीन भुतं एकदम मागे लागली की संपलं. म्हणून झुडपात बसून राहायचं, त्यांची पाठ वळायची वाट बघायची, सुरी घेऊन हळू मागून जायचं. कुठे बाटली सापडली तर जपून ठेवायची. बारूद, खिळे, असलं काय काय गोळा करून टेबलाशी बसून स्वतः गोळ्या बनवायच्या, आणि तेच रस्त्यात घाईने बनवलं तर सामान जास्त जातं. मुलगी कुठेतरी रडतेय आणि तुम्हाला एका झुडपात श्वास रोखून बसायला लागतंय. मी इतके भीतीचे गेम खेळले, पण "लवकर चल" आणि "हलू नकोस" हे दोन्ही एकाच वेळी इतक्या जोरात कुठेच वाटलं नव्हतं.

आणि ते कम्युनिकेटर, हातातला रेडिओ. तो फिरवत फिरवत सिग्नल पकडायचा, खरखर यायची आणि मग तिथे आधी काय घडलं त्याचे पांढरट धूसर आकार दिसायचे, कधी माणसं, कधी लिलीचा आवाज. पहिल्यांदा तिचा आवाज आला तेव्हा बाबा तुम्ही पुढे सरकून बसलात आणि स्क्रीनकडे बघतच म्हणालात, "पालीच्या यात्रेत असंच झालेलं. मी माइकवर लाल फ्रॉक, लाल फ्रॉक सांगतोय आणि इकडं सगळी पोरं भंडाऱ्यानं पिवळी. फ्रॉकचा रंगच कळंना." बाबा, मी सहा वर्षांची असताना हरवले होते हे आई दर वर्षी सांगते, कोणत्या रसवाल्याने मला बाकड्यावर बसवून ठेवलं, मी रडले नाही वगैरे. पण तुम्ही त्याबद्दल एक शब्द कधी बोलला नव्हता. सव्वीस वर्षांत. मी त्या रात्री गेम पॉज केला तो पाणी प्यायला नाही केला.

पुढचं तुम्ही बघितलं नाहीत ते सांगते. पहिला मोठा खलनायक स्टेफानो, फोटोग्राफर. युद्धाचे फोटो काढायचा, तिथे एक डोळा गेला, आणि आता तो माणसाचा मरतानाचा क्षण पकडून थांबवतो. म्हणजे गोळी लागलेला माणूस, रक्त हवेत उडालेलं, आणि ते तिथेच निळसर प्रकाशात पुन्हा पुन्हा हळूहळू घडत राहतं, तुम्ही त्याच्या भोवती चक्कर मारू शकता. त्याने बनवलेला एक राक्षस आहे, बाईचं शरीर आणि डोक्याच्या जागी तिपाईवरचा जुना कॅमेरा, तो नाचल्यासारखा येतो. किळसवाणं आहे आणि सुंदर पण आहे, खरंच, कुणीतरी खूप मन लावून केलेलं काम आहे ते.

पण मला विचाराल तर सगळ्यात घाबरवणारी जागा म्हणजे एक साधं घर. गावातलंच, आत गोळ्या मिळतील म्हणून शिरले. बाहेर पडायला वळले तर दार नाही, समोर पहिल्या भागातल्या बीकन हॉस्पिटलचा कॉरिडॉर. सगळं निळं पडतं, आणि कुणीतरी बाई गुणगुणायला लागते. जवळ आली की गुणगुणणं वाढतं. तिला मारता येत नाही, फक्त ती कुठे आहे ते कानाने ओळखून दुसऱ्या बाजूने सटकायचं. मी टेबलाखाली बसले होते, म्हणजे गेममधला तो बसला होता पण मी पण खुर्चीवर पाय वर घेतलेले. ते संपल्यावर मी सेफ हाऊसला गेले, तिथे कॉफीचं मशीन आहे, एक कप प्यायला की तब्येत पूर्ण भरते आणि मग भांडं पुन्हा भरेपर्यंत थांबावं लागतं. तुम्हाला ते फार आवडलं होतं ना, आईने चहा टाकला आणि तुम्ही म्हणालात, "हा बघ, हा पण पितोय."

आता कमी काय ते पण सांगितलं पाहिजे. एकूण सतरा प्रकरणं आहेत आणि स्टेफानो गेल्यावर मधे गेम ढिला पडतो. पुढचा खलनायक थिओडोर नावाचा धर्मगुरू, तो आगीने सेबॅस्टियनच्या मनातल्या अपराधाला डिवचतो, कल्पना चांगली आहे पण तो नुसती भाषणं करतो, स्टेफानोसारखा अंगावर येत नाही. पहिल्या भागातले जुने राक्षस परत आणून उभे केलेत तेही मला उगाच वाटलं. मोकळं गाव सोडून पुन्हा बोळ सुरू होतात. आणि मोबियसची माणसं सगळं समजावून सांगत बसतात. ज्यांनी पहिला भाग त्याच्या वेडेपणासाठी डोक्यावर घेतला ते म्हणतात दुसरा फार सरळ झाला, आणि त्यात तथ्य आहे, पहिल्यातली काही चित्रं अजून माझ्या स्वप्नात येतात, दुसऱ्यातली तितकी येत नाहीत. तरी मी दुसराच निवडेन.

कारण शेवटी समोर कोण येतं माहितीये? मायरा. लिलीची आई. आई, आता हे नीट वाच.

मायरा मुद्दाम मोबियसमध्ये शिरली होती, मुलीला बाहेर काढायला. पण आत गेल्यावर त्या जगाने तिला बदललं, आणि तिच्या डोक्यात एकच राहिलं की बाहेरच्या जगात माणसं लिलीला परत दुखावतील, त्यापेक्षा इथेच माझ्याजवळ, बंद, कायमची सुरक्षित. ती पांढऱ्या चिकट पदार्थाने वेढलेली, प्रचंड मोठी होते, आणि सेबॅस्टियनला आपल्याच बायकोशी लढायला लागतं. मी सगळ्या राक्षसांवर बिनधास्त गोळ्या झाडल्या पण तिच्यावर झाडताना हात जड झाला, कारण ती खोटं बोलतच नव्हती. बाहेरच्या माणसांनीच तर तिची मुलगी पळवली होती.

आई, रागावू नकोस. तू मायरा नाहीयेस. पण मी नोकरीसाठी पुण्याला निघाले तेव्हा तू दोन दिवस जेवली नाहीस आणि "इथंच मिळेल की काहीतरी" म्हणत राहिलीस, आणि मी तुला नाही नाही ते बोलले, की तुला मला बांधून ठेवायचंय. ते मी चुकीचं बोलले होते. पालीच्या त्या एका तासात तू कुठे होतीस, काय करत होतीस हे मी तुला कधी विचारलंच नाही, तू नेहमी रसवाल्याची गोष्ट सांगतेस आणि मी हसते. या वेळी आलीस की मला ते सांग.

शेवटी मायरा भानावर येते. लिलीच्या जागी ती स्वतः आत थांबते म्हणजे लिलीला सुटता येईल, आणि आतूनच मोबियसच्या सगळ्यांचा शेवट करते. किडमन बाहेर तिची बाजू सांभाळते. सेबॅस्टियन लिलीला उचलून घेऊन निघतो. तर बाबा, हो, सापडली. बाप आणि मुलगी बाहेर आले, आई नाही आली.

तिसरा भाग अजून आलेला नाही. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपला टँगो स्टुडिओ बंद करत असल्याचं जाहीर केलं तेव्हा मी ऑफिसमध्ये होते आणि जेवले नाही त्या दिवशी, खोटं नाही सांगत. मग ऑगस्टमध्ये क्राफ्टन नावाच्या कोरियन कंपनीने तो स्टुडिओ घेतला. मी वाट बघतेय.

आई, तुला वाटतं मी असलं का बघते, का खेळते. लहान मुलांसाठी नाहीच ते, अठरा वर्षांवरच्यांचंच आहे, तुझी किळस मी समजू शकते. पण तू पुढच्या वेळी दारातून परत जाऊ नकोस, सुरुवातीची आग संपेपर्यंत डोळे मीट आणि मग बस.

डाव्या डोळ्याची तारीख डॉक्टरांनी दिली की लगेच कळवा, मी रजा टाकते. ड्रॉप दिवसातून चार वेळा, बाबा, तीन नाही. आणि तुम्ही ज्या रात्री उठून झोपायला गेलात तिथला सेव्ह मी वेगळा ठेवलाय, त्यावर परत खेळले नाही. सेबॅस्टियन सेफ हाऊसमध्येच उभा आहे, कॉफीचं भांडं भरलेलं आहे.

तुमची,
चिमी