मुलांच्या अग्रलेखांविषयी

कोल्हापूर,
शनिवार, रात्री

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. महाविद्यालयाच्या पाक्षिकाची जबाबदारी तू स्वीकारलीस, याचा मनापासून आनंद झाला. मुले बातम्या बऱ्या लिहितात, अग्रलेख मात्र वक्तृत्व स्पर्धेतील भाषणासारखे होतात, अशी तुझी तक्रार आहे. येथे दर शनिवारी विद्यार्थ्यांच्या अंकासाठी बसतो तेव्हा मलाही हेच आढळते, म्हणून सविस्तर लिहितो.

गेल्या महिन्यात एका विद्यार्थिनीने शेवटच्या एस.टी.वर अग्रलेख लिहून आणला. ती गगनबावड्याच्या वाटेवरच्या एका वाडीतून रोज ये-जा करते. प्रात्यक्षिके लांबली की ती सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, पोहोचेपर्यंत गावाकडची शेवटची गाडी सुटलेली असते आणि मग ओळखीच्या कुणाकडे तरी रात्र काढावी लागते. विषय तिच्या रोजच्या जगण्यातला होता, तरीही लेखाची सुरुवात ‘स्वातंत्र्याला इतकी वर्षे लोटली तरी’ अशी होती आणि शेवट ‘प्रशासनाने याकडे तातडीने लक्ष द्यावे’ असा. मी तिला एवढेच विचारले, की प्रशासन म्हणजे नेमके कोण? तिला सांगता येईना. मग ती स्थानकावरच्या वाहतूक नियंत्रकांशी बोलली, आगार व्यवस्थापकांना भेटली, तेव्हा कळले की ती गाडी मुक्कामाची आहे. रात्री उशिरा सोडली तर चालक-वाहकांची विश्रांती कमी होते आणि पहाटेची परतीची फेरी बिघडते, ज्या फेरीने तीच मुलगी महाविद्यालयात येते. दुसरीकडे, लांबून येणाऱ्यांची बॅच सकाळच्या सत्रात घेणे विभागप्रमुखांच्या हाती होते. चार दिवसांच्या पायपिटीने तिच्या लेखाचा रोख एस.टी.कडून आपल्याच महाविद्यालयाकडे वळला. मला अग्रलेखाचे सगळे मर्म येथेच दिसते: मत बातमीदारीतून वर आले पाहिजे आणि ज्याच्या सहीने गोष्ट बदलू शकते, त्या माणसापर्यंत ते पोहोचले पाहिजे.

हे मी कोल्हापुरात बसून सांगतो, त्याला आणखी एक कारण आहे. येथील तरुण छत्रपती चौथ्या शिवाजी महाराजांचा छळ होत असल्याच्या वार्तांवरून टिळक-आगरकरांच्या ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या वृत्तपत्रांनी संस्थानाचे दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर कडक टीका केली. ज्या पत्रांच्या आधारावर ती उभी होती, ती पत्रे बनावट ठरली. बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि १८८२ साली टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची साधी कैद झाली. त्यांपैकी १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. त्या दोघांची महाराजांविषयीची कळकळ खरी होती. पुढच्याच वर्षी अहमदनगरला महाराजांचा जो करुण अंत झाला, त्याने ती चिंता अनाठायी नव्हती हेही दिसून आले. पण कळकळ खरी असली तरी कागद खोटा निघू शकतो, आणि न्यायालयात कागदच बोलतो. ही हकिगत मी प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्याच दिवशी सांगतो, तूही सांग.

मी स्वतः विद्यार्थी असताना ग्रंथालय लवकर बंद होते म्हणून तेथील ग्रंथपालांवर फार कठोर लिहिले होते. रिक्त जागा भरल्या न गेल्यामुळे ते एकटेच तेथे उभे राहत होते, हे मला लेख छापून झाल्यावर समजले. पुढे त्यांच्याकडे पुस्तक मागायला जाताना माझी मान वर होत नसे. तेव्हापासून, ज्याच्यावर टीका करायची त्याला अंक छापण्यापूर्वी भेटायचेच, हा नियम मी पाळत आलो आहे. त्याची बाजू लेखात त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडावी. दुबळी करून मांडली तर वाचकाला ते लगेच जाणवते आणि आपला युक्तिवादही त्याला संशयास्पद वाटू लागतो.

अग्रलेखाखाली नाव नसते आणि तो ‘आम्ही’ म्हणून बोलतो, याचा अर्थही मुलांना नीट उलगडून सांगावा लागतो. ‘आम्ही’ म्हणायचे तर आधी सगळ्यांनी बसून वाद घातला पाहिजे. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर मतभेद वाढले तेव्हा आगरकर १८८७ मध्ये ‘केसरी’तून बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला. एका ‘आम्ही’त दोन मते मावेनात. तुझ्या मंडळात कुणाला लेखाचे मत मान्य नसेल, तर त्याला त्याच पानावर स्वतःच्या नावाने लिहू दे.

भाषेविषयी थोडेच लिहितो. मुलांना विशेषणांचा फार सोस असतो; ती काढली की वाक्य उभे राहते का, हे त्यांना करून पाहायला लाव. शब्दांची मर्यादा चारशे ठेव. दृष्टान्त एकच द्यावा, पण तो पूर्ण वापरावा. राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केलेले ‘मूकनायक’ पत्र ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले. त्याच्या पहिल्याच अग्रलेखात डॉ. आंबेडकरांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली: प्रत्येक जात म्हणजे एक मजला आणि एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायला शिडीच नाही. जन्माने ठरलेला दर्जा आणि त्यातून सुटण्याची वाट नसणे, दोन्ही त्या एका चित्रात आले आहे. असा दृष्टान्त विषयाच्या आतूनच सापडतो, म्हणून मी मुलांना सुभाषितांच्या वह्या घरी ठेवायला सांगतो.

त्या विद्यार्थिनीचा दुसरा मसुदा, तिची परवानगी घेऊन, सोबत पाठवत आहे. मागणी आता स्पष्ट झाली आहे, परंतु सकाळी प्रयोगशाळा मोकळी नसते ही विभागप्रमुखांची अडचण तिने तिसऱ्या परिच्छेदात एका ओळीत उरकली आहे. तेथे काय भर घालावी, हे समासात पेन्सिलीने लिही आणि शुक्रवारपूर्वी परत पाठव, म्हणजे शनिवारच्या बैठकीत तो तिच्या हाती देता येईल.

तुझाच,
जुना सोबती