काका, तुम्ही आधी स्वतःचा नोड बिघडवून बघितलात

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

त्या रात्री फोनवर मला धड आभारही मानता आले नाहीत. "चला, झोपा आता," म्हणून तुम्ही फोन ठेवलात आणि मी कितीतरी वेळ तसाच खुर्चीत बसून राहिलो. आठवडा होत आला, तरी ती रात्र डोक्यातून जात नाही. हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुम्ही काय केलंत ते आपल्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींना कळायलाच हवं.

बुधवारी दुपारी इथे साताऱ्यात वीज गेली, यूपीएसच्या बॅटरीनं दगा दिला आणि माझ्या नोडचा, म्हणजे हॅम मंडळी जिथे जोडली जातात त्या केंद्राचा, संगणक धाडकन बंद पडला. परत चालू केला तेव्हा नोड चालवणारा प्रोग्रॅम, डीएक्स स्पायडर, उठला खरा, पण कुणालाच ओळखेना. वर्षानुवर्षं रोज येणाऱ्या माणसांना तो नाव विचारत होता, गाव विचारत होता. शेजारचे नोडसुद्धा त्याला साधे वापरकर्ते वाटू लागले. जोडण्या तुटल्या, बाहेरून येणारे स्पॉट, म्हणजे कोणतं स्टेशन कुठे ऐकू येतंय याच्या खबरा, थांबले. आणि शनिवारी पहाटे साडेपाचला सीक्यू वर्ल्डवाइड या जागतिक रेडिओ स्पर्धेचा सीडब्ल्यू (मोर्स) भाग सुरू होणार होता.

बिघडली होती ती वापरकर्त्यांची फाइल. त्या एका फाइलीत सव्वाचारशे नोंदी होत्या. प्रत्येकाचं नाव, गाव, अक्षांश-रेखांश, होम नोड, कुणाला घोषणा हव्यात आणि कुणाला नकोत. दहा वर्षांत एकेकानं येऊन भरलेल्या. त्यातले काहीजण आता सायलेंट की झालेत, म्हणजे हयात नाहीत. त्यांच्या हातची ती एवढीच खूण माझ्याकडे उरली होती.

तुमच्या आधी मी तिघांना विचारलं होतं. एकानं "मॅन्युअल वाचा" एवढंच कळवलं. दुसरा म्हणाला, "उडवा ती फाइल, लोक परत भरतील, एवढं काय त्यात!" तिसऱ्यानं सांगितलं, "नोंदी पुन्हा एक्स्पोर्ट करून बघा," म्हणजे त्यांची प्रत काढा, आणि त्यानंतर फोन उचलला नाही. मी भाबडेपणानं तीन वेळा एक्स्पोर्ट केलं. त्यानं काय घडत होतं ते तुम्ही सांगितलंत तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. नवी प्रत निघाली की जुनी एक पायरी मागे सरकते, आणि अशा मोजक्याच प्रती शिल्लक राहतात. म्हणजे बिघडलेल्या फाइलीच्या प्रती काढून काढून मी चांगल्या प्रतीला कड्याच्या टोकाकडे ढकलत होतो! ठाऊक नसेल तर "ठाऊक नाही" म्हणावं, यात कमीपणा कसला? या माणसांचा राग अजून गेलेला नाही, आणि तो लपवावा असंही वाटत नाही.

तुमचं पहिलं वाक्य होतं, "आता कशालाही हात लावू नका. नोड थांबवा आणि अख्ख्या फोल्डरची प्रत पेनड्राइव्हवर घ्या." मग तुम्ही मला एकेका प्रतीचा आकार वाचायला लावलात. तीन अगदी चिमुकल्या निघाल्या. चौथी चांगली घसघशीत होती, आठवड्याच्या नेमानं आपोआप निघालेली. "हीच ती," तुम्ही म्हणालात. ही प्रत म्हणजे स्वतःच पर्ल या संगणकभाषेतला एक प्रोग्रॅम असतो, तो चालवला की सगळ्या नोंदी नव्यानं उभ्या राहतात, हे तुम्ही समजावलंत. पण आदल्या दिवशीच्या सल्ल्यानं पोळलेलो मी. माझा हात पुढे होईना. तुम्हाला ते न सांगता कळलं. "अर्धा तास द्या मला," म्हणून तुम्ही फोन ठेवलात.

चाळीस मिनिटांनी तुमचा फोन आला. "माझ्या नोडची प्रत जुन्या लॅपटॉपवर टाकली, नोंदींची फाइल मुद्दाम बिघडवली आणि तुम्हाला सांगतोय तेच करून बघितलं. सगळं परत आलं. आता तुम्ही करा, मी फोनवर आहे."

काका, बाळाच्या तोंडाला वाटी लावण्याआधी आई दुधाचा थेंब आपल्या मनगटावर टाकून बघते. मला तेच आठवलं. नुसतं "काही होत नाही हो, चालवा" म्हणणं तुम्हाला सोपं होतं. तुम्हाला ते सगळं पाठ होतं. तरी रात्री बारा वाजता, ज्याला कधी पाहिलंही नाही अशा माणसाची भीती घालवायला तुम्ही लॅपटॉप काढून बसलात. पासवर्ड एकदाही मागितला नाहीत. माझा नोड माझ्याच हातून उभा राहू दिलात. आणि मी केलेल्या तीन एक्स्पोर्टबद्दल चकार शब्द काढला नाहीत.

स्वतःच्या स्पर्धेची तयारी सोडून तुम्ही माझ्यासाठी बसला होतात, हे मला नंतर दुसऱ्याकडून कळलं. आपल्या छंदाला ही रीत नवी नाही म्हणा. डिसेंबर २००४ मध्ये हॅम भारती प्रसाद पोर्ट ब्लेअरहून दुर्मिळ व्हीयू ४ (अंदमान-निकोबारचा रेडिओ संकेत) हवेत आणत होत्या. २६ तारखेला त्सुनामी आली, तशी ती मोहीम बाजूला ठेवून त्यांनी तोच रेडिओ लोकांचे निरोप पोहोचवायला लावला. ज्यांनी डीएक्स स्पायडर लिहिला त्या डर्क कूपमन यांनीही तो जगाला मोफतच दिला. तुमचं काम त्यांच्याइतकं मोठं नसेल, पण ते त्याच पंगतीतलं आहे असं मी मानतो.

नोड उठल्यावर पहिली जोडणी तुमचीच होती. तुमचं नाव, बेळगाव, अक्षांश-रेखांश, सगळं जिथल्या तिथं. शनिवारी पहाटे स्पॉटचा धबधबा सुरू झाला तेव्हा माझे डोळे भरून आले होते.

तुमची ४० मीटर बँडची अँटेना त्या रात्रीपासून अर्धवटच खाली आहे असं कळलं. येत्या रविवारी सकाळच्या पहिल्या एसटीनं मी बेळगावला निघतोय. दोरी धरायला माणूस लागेलच.

७३ (हॅम भाषेत शुभेच्छा)
आपला,
साताऱ्याचा नोडवाला