बाबा, बांध ठाण्यात ठरत नाही

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

आईने फोनवर सगळं सांगितलं. तुम्ही सांगितलं नसतंत, बाबा. "सातबारा घेऊन या, साहेबांनी बोलावलंय," पोलीस ठाण्यातून आलेल्या एवढ्या एका फोनवर तुम्ही इस्त्रीचा सदरा चढवून निघालात. दोन तास बाकावर बसलात. आणि चष्मा घरी राहिलेला असताना 'यापुढे बांधाकडे फिरकणार नाही' अशा कागदावर सही केलीत. काय लिहिलंय ते वाचून दाखवा, एवढं म्हणायलाही तुम्हाला संकोच वाटला असणार.

बांधापलीकडच्या आप्पांनी ठाण्यात अर्ज दिलाय, इतकंच झालंय. गुन्हा नोंदलेला नाही. बांध कोणाचा, वहिवाट कोणाची, हे ठरवणं दिवाणी न्यायालयाचं काम, पोलिसांचं नाही. तपासात साक्षीदार म्हणून बोलवायचं असलं तरी लेखी आदेश लागतो. शिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कामकाजाच्या नव्या कायद्याच्या, कलम १७९ प्रमाणे साठीपुढच्या पुरुषाला किंवा कोणत्याही बाईला त्यासाठी घर सोडून यायला लावता येत नाही. जबाब घ्यायला त्यांनीच घरी यायचं. पूर्वी ही वयाची अट पासष्ट होती, १ जुलै २०२४ पासून साठ झाली. उद्या खरोखर गुन्हा नोंदला आणि आरोपी म्हणून नोटीस आली, तर गोष्ट वेगळी. ती पाळावीच लागते. तेव्हा मला लगेच कळवा, सदरा नंतर शोधा.

त्या कागदाने जमीन काही आप्पांची होत नाही. पण उद्या कोर्टात तो कोणीतरी पुढे करणारच. म्हणून 'न वाचता सही घेतली, मजकूर मान्य नाही' असा अर्ज ठाण्यात आणि पोलीस अधीक्षकांकडे देऊ. दोन्हीकडे आपल्या प्रतीवर पोच घ्यायची.

आता जे खरं सांगायचंय ते. आई म्हणाली, तुम्हीही मामांच्या ओळखीच्या इन्स्पेक्टरांकरवी आप्पांना दम भरायच्या विचारात आहात. नको, बाबा. जो दम तुमच्यावर बेकायदा होता, तो आप्पांवर कायदेशीर कसा होईल? आणि ओळखीचा साहेब बदलून गेला की पारडं फिरतं, हे तुम्हीच मला शिकवलंय. दिवाणी वादाला फौजदारी रंग द्यायची ही खोड सर्वोच्च न्यायालयाच्याही डोळ्यांत खुपते. एप्रिल २०२५ मध्ये मालमत्तेच्या एका व्यवहारात पोलिसांनी गुन्हा नोंदवल्याबद्दल या न्यायालयाने उत्तर प्रदेश सरकारला ५०,००० रुपयांचा दंड लावला.

पोलिसांकडे जायचंच नाही असंही नाही. आप्पांच्या पोराने कुऱ्हाड उगारली, उभं पीक कापून नेलं, घरात घुसला, तर एकशे बाराला फोन करा, संकोच नको. दोन्हीकडची माणसं काठ्या घेऊन बांधावर उभी राहायची वेळ आली तर पोलीस कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना अहवाल देऊ शकतात, त्याच संहितेच्या कलम १६४ खाली. पण तिथेही सध्या ताबा कोणाचा एवढंच बघतात, मालकी नाही.

आपला रस्ता रटाळ आहे, ते मला माहीत आहे. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज. आप्पांनाही नोटीस जाईल. त्यांच्या डोळ्यांदेखत मोजणी झालेली बरी. तोवर त्यांनी नांगर आत घातला तर वकील मनाई हुकूम मागतील. जबरदस्तीने ताबा घेतलाच, तर मालकी सिद्ध न करता नुसत्या ताब्यावर जमीन परत मागायचा दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. 'बघू पुढच्या हंगामात' हे तुमचं नेहमीचं वाक्य या बाबतीत चालणार नाही.

शनिवारी सकाळच्या गाडीने येते. आई, ट्रंकेतला जुना मोजणी नकाशा आणि फेरफाराचे उतारे काढून ठेव. नकाशाची घडी फाटत आलीय, उलगडू नकोस, मी बघते. आणि पुन्हा फोन आला तर बाबांना देऊ नकोस. 'लेखी पाठवा' एवढं म्हण आणि ठेवून दे.

तुमची लेक